‘गोइंग पोस्टल’ : संतापाला टपाल खात्याचे नाव कसे चिकटले?

इंग्रजी चित्रपट किंवा मालिका पाहताना ‘ही वेंट पोस्टल’ असे वाक्य कानावर पडले, की मराठी प्रेक्षक क्षणभर गोंधळतो. तो माणूस पोस्टात गेला, की त्याने काही पोस्टाने पाठवले? पडद्यावर मात्र तोच माणूस समोरचे टेबल उलथवत असतो, कोणाची तरी गचांडी धरत असतो, निदान घशाच्या शिरा ताणून ओरडत तरी असतो. ‘गो पोस्टल’ किंवा ‘गोइंग पोस्टल’ या अमेरिकी वाक्प्रचाराचा टपालाशी आता काही संबंध उरलेला नाही. त्याचा अर्थ रागाने बेभान होणे, संतापाच्या भरात भल्याबुऱ्याचे भान सुटणे आणि हिंसेवर उतरणे. त्यातही हा संताप बहुधा नोकरीच्या ठिकाणचा, कामाच्या ताणातून साठत गेलेला आणि एका दिवशी अचानक फुटलेला असतो.

आज तो फार हलक्या प्रसंगीही वापरला जातो. प्रिंटर बंद पडला म्हणून चिडलेला कारकून ‘पोस्टल’ होतो, मुलाने गाडीला पोचा आणला म्हणून वडील ‘पोस्टल’ होतात. असे बोलणाऱ्यांपैकी अनेकांना हेही ठाऊक नसते, की या शब्दामागे थट्टा नसून मृतदेह आहेत. ते बहुतांशी टपाल कर्मचाऱ्यांचेच आहेत.

इंग्रजीत ‘गो’ या क्रियापदापुढे विशेषण लावून मनाची बिघडलेली अवस्था सांगण्याची जुनीच रीत आहे. ‘गो मॅड’ म्हणजे वेडे होणे. क्षेपणास्त्रांच्या परिभाषेतून आलेला ‘गो बॅलिस्टिक’ त्याच साच्यातला. रागासाठी इतरही शब्दप्रयोग पुष्कळ आहेत. ‘फ्लाय ऑफ द हँडल’ म्हणजे घाव घालता घालता कुऱ्हाडीचे पाते दांड्यातून निसटून उडावे तसे भडकणे. हा एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी वसाहतींच्या लाकूडतोडीतून आला. ‘सी रेड’ म्हणजे डोळ्यांपुढे लाल दिसणे. त्याचा संबंध बैलाच्या झुंजीशी लावला जातो, पण बैलाला तांबडा रंग वेगळा ओळखता येत नाही, त्याला चिथावते ती फडक्याची हालचाल. या सगळ्यांत ‘गोइंग पोस्टल’ वेगळा उठून दिसतो, कारण त्याची उपमा निसर्गातून, शरीरातून किंवा हत्यारातून घेतलेली नाही. ती एका सरकारी सेवेतून घेतली आहे.

मराठीशी ताडून पाहिले म्हणजे हे वेगळेपण अधिक जाणवते. आपल्याकडे तळपायाची आग मस्तकाला जाते, पित्त खवळते, अंगाचा तिळपापड होतो, माणूस डोक्यात राख घालून घेतो. फारच झाले तर जमदग्नी वा दुर्वास यांना पाचारण केले जाते. म्हणजे शरीर, अग्नी आणि पुराण. एखाद्या खात्याच्या नावाने राग ओळखण्याची कल्पना मराठीला सुचलेली नाही. आणि टपालाचे तर नाहीच नाही. खाकी गणवेशातला, मनीऑर्डर घेऊन येणारा, निरक्षर आईला मुलाचे पत्र वाचून दाखवणारा पोस्टमन ही आपल्या मनातली प्रतिमा आहे. अमेरिकेतही ती बरीचशी तशीच होती. तिला तडा गेला तो १९८६ साली.

एडमंडची सकाळ

ओक्लाहोमा राज्याच्या राजधानीला लागून एडमंड नावाचे शहर आहे. २० ऑगस्ट १९८६, बुधवार. सकाळी सातच्या सुमारास तेथील टपाल कार्यालयात पोस्टमन आपापल्या बीटची पत्रे लावून घेत होते. त्याच वेळी पॅट्रिक शेरिल नावाचा ४४ वर्षांचा अर्धवेळ पोस्टमन आत आला. त्याच्या टपालाच्या पिशवीत पत्रे नव्हती, पिस्तुले होती. तो पूर्वी मरीन दलात होता आणि नॅशनल गार्डच्या नेमबाजी पथकात असल्याने हत्यारे त्याला सहज मिळत होती. त्याने गोळीबार सुरू केला. जेमतेम पाव तासात चौदा सहकारी ठार झाले, सहा जखमी झाले आणि शेवटी त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली.

आदल्या दिवशी पर्यवेक्षकांनी त्याच्या कामाबद्दल त्याला समज दिली होती. नोकरी जाणार असे त्याने मनाशी धरले होते, असा निष्कर्ष पुढे निघाला. समज देणाऱ्या दोघा पर्यवेक्षकांपैकी एक मारला गेला. दुसऱ्याला त्या दिवशी जाग उशिरा आली, तो कार्यालयात वेळेवर पोहोचला नाही आणि म्हणून वाचला. मारल्या गेलेल्या बाकीच्यांचा त्या तक्रारीशी काडीचाही संबंध नव्हता.

टपाल कार्यालयातील हत्येची ही पहिली घटना नव्हती. १९८३ मध्ये दक्षिण कॅरोलिनातील जॉन्स्टन येथे एका माजी कर्मचाऱ्याने पोस्टमास्तरांना गोळी घातली होती आणि त्याच वर्षाच्या अखेरीस अलाबामातील अ‍ॅनिस्टन येथेही तसाच प्रकार घडला होता. पण त्या बातम्या स्थानिक राहिल्या. एडमंडच्या चौदा मृतदेहांनी मात्र संपूर्ण देशाचे लक्ष वेधले. यानंतर टपाल कार्यालयात कुठेही काही घडले, की ते ‘एडमंडसारखे’ ठरू लागले.

तसे घडतही गेले. ऑक्टोबर १९९१ मध्ये न्यू जर्सीतील रिजवुड येथे बडतर्फ झालेल्या एकाने आपल्या माजी पर्यवेक्षक महिलेसह चौघांची हत्या केली. त्याला महिना-दीड महिनाही उलटला नाही तोच, १४ नोव्हेंबर १९९१ रोजी मिशिगन राज्यातील रॉयल ओक येथे दुसऱ्या एका बडतर्फ कर्मचाऱ्याने चौघांना मारले आणि स्वतःला संपवले. ६ मे १९९३ रोजी तर मिशिगनमधील डिअरबॉर्न आणि कॅलिफोर्नियातील डेना पॉइंट, अशा देशाच्या दोन टोकांच्या टपाल कचेऱ्यांत एकाच दिवशी, काही तासांच्या अंतराने गोळीबार झाला. दोन्ही घटनांचा परस्परांशी संबंध नव्हता. पण वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर त्या शेजारी शेजारी छापल्या गेल्या, आणि वाचकाच्या मनात संबंध तयार झाला.

पत्र सेकंदाला एक

या माणसांच्या डोक्यात काय चालले होते, याची उत्तरे वेगवेगळी होती. कोणाला मानसिक आजार होता, कोणी व्यसनी होता, कोणाच्या नावावर आधीच मारहाणीचे गुन्हे होते. तथापि खून करणारे वेडे होते एवढे म्हणून टपाल खात्याला हात झटकता आले नाहीत. कारण खात्यातले वातावरण बिघडलेले आहे, हे कामगार संघटना कितीतरी वर्षे सांगत आल्या होत्या.

मार्च १९७० मध्ये अमेरिकेत टपाल कर्मचाऱ्यांचा मोठा संप झाला. संघराज्याच्या कर्मचाऱ्यांना संपाचा अधिकार नाही, तरीही न्यू यॉर्कमधून सुरू झालेला हा संप पसरत जाऊन दोन लाखांहून अधिक कर्मचारी त्यात उतरले. त्या वेळी पोस्टमनला कमाल वेतनापर्यंत पोहोचायला २१ वर्षे लागत. राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी न्यू यॉर्कमधील टपाल हलवण्यासाठी लष्कर पाठवले. सैनिकांना ते काम काही जमले नाही. संप आठ दिवसांत मिटला. त्यातून त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टपाल पुनर्रचना कायदा आला आणि १ जुलै १९७१ पासून मंत्रिमंडळाचा भाग असलेले जुने टपाल खाते जाऊन ‘युनायटेड स्टेट्स पोस्टल सर्व्हिस’ ही स्वायत्त संस्था उभी राहिली.

संघटनांना वेतनासाठी वाटाघाटी करण्याचा हक्क मिळाला, संपाचा मिळाला नाही. वाद लवादाकडे न्यायचा. दुसऱ्या बाजूला संस्थेने आपला खर्च आपणच भागवायचा होता. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी सरकारी अनुदान जवळजवळ संपले. खर्च भागवायचा म्हणजे कमी माणसांत अधिक टपाल हलवायचे. त्यासाठी पत्रछाननीची अवाढव्य यंत्रे आली. यंत्रापुढे बसलेल्या कर्मचाऱ्यासमोर सेकंदाला एक या वेगाने पत्र येई, तेवढ्या वेळात पत्ता वाचून योग्य कळा दाबायच्या, की पुढचे पत्र हजर. तासात छत्तीसशे पत्रे, तीही बहुधा रात्रपाळीत. बाहेर बटवडा करणाऱ्या पोस्टमनची गत निराळी होती. त्याच्या फेरीला किती मिनिटे लागावीत याचे मोजमाप ठरलेले, आणि त्याच्यामागे घड्याळ घेऊन चालणारा पर्यवेक्षक.

या कामाला नोकरी म्हणून मात्र मोठी मागणी होती. फारसे शिक्षण नसलेल्या माणसाला इतके बरे वेतन आणि निवृत्तिवेतन दुसरीकडे मिळणे कठीण. माजी सैनिकांना कायद्याने भरतीत प्राधान्य होते, त्यामुळे ते मोठ्या संख्येने येथे येत. परिणामी नोकरी आवडो वा न आवडो, ती सोडून जाणारे थोडे. पर्यवेक्षकाचा जाच सहन करायचा, तक्रार गुदरायची आणि निकालाची वाट पाहायची. तक्रारींचे ढीग साचत गेले आणि निकालाला महिने, कधी वर्षे लागत. रॉयल ओकच्या मारेकऱ्याची बडतर्फी लवादाने कायम केल्याचा निर्णय आला आणि त्यानंतर आठवडाभरातच त्याने बंदूक उचलली. तो धमक्या देत आहे हे त्याच्या सहकाऱ्यांना आणि वरिष्ठांनाही ठाऊक होते.

रॉयल ओकच्या घटनेची चौकशी अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या टपालविषयक समितीने केली. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या अहवालाने मारेकऱ्याला निर्दोष ठरवले नाही, पण तेथील व्यवस्थापनाच्या अरेरावी पद्धतीवर बोट ठेवले. पुढे सप्टेंबर १९९४ मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयानेही टपाल कचेऱ्यांतील मालक-कामगार संबंधांचा अहवाल दिला आणि हुकूमशाही वळणाचे पर्यवेक्षण, परस्पर अविश्वास व तुंबलेल्या तक्रारी यांची नोंद केली. खुद्द टपाल संस्थेने फेब्रुवारी १९९२ मध्ये बहुतेक संघटनांसह एक संयुक्त निवेदन काढले होते. हिंसेला क्षमा नाही हे त्यात होतेच. पण कामाच्या ठिकाणी कोणीही, अगदी पर्यवेक्षकानेही, छळ, धमकी वा दमदाटी करता कामा नये, असेही होते. पुढे हे निवेदन केवळ शोभेचे आहे की बंधनकारक, यावर वाद झाला आणि १९९६ मध्ये लवादाने ते बंधनकारक असल्याचा निवाडा दिला. पर्यवेक्षकाविरुद्ध पोस्टमनच्या हाती आलेले हे पहिले खणखणीत शस्त्र होते, असे म्हणता येईल.

एका बातमीतला उल्लेख

हा शब्दप्रयोग प्रथम कोणी केला ते सांगता येत नाही, बोलीतल्या शब्दांचा जन्मदाखला सहसा नसतोच. छापील मजकुरातील सर्वांत जुना म्हणून जो उल्लेख दिला जातो, तो फ्लोरिडातील ‘सेंट पीटर्सबर्ग टाइम्स’ या दैनिकाच्या १७ डिसेंबर १९९३ च्या अंकातला आहे. बातमी होती कामाच्या ठिकाणच्या हिंसाचारावरील एका परिसंवादाची. परिसंवाद भरवला होता टपाल संस्थेनेच. या संस्थेत असे इतके प्रकार झाले आहेत, की काही वर्तुळांत अति ताणालाच ‘गोइंग पोस्टल’ म्हणतात, असे वार्ताहराने जाता जाता लिहिले आणि १९८३ पासून टपाल कचेऱ्यांतील अकरा गोळीबारांत ३५ जण मारले गेल्याची आकडेवारी जोडली. म्हणजे हिंसाचार थांबवण्यासाठी खात्याने जे पाऊल उचलले, त्याच्याच बातमीने खात्याची बदनामी करणारा शब्द छापात आणला.

‘काही वर्तुळांत’ असे वार्ताहराने म्हटले, यावरून शब्द तोंडी रूढ होता हे उघड आहे. पुढच्या दोन वर्षांत तो सर्वांचा झाला. १९९५ च्या उन्हाळ्यात प्रदर्शित झालेल्या ‘क्लूलेस’ या किशोरवयीनांच्या लोकप्रिय चित्रपटात तो आला आणि शाळा-महाविद्यालयांतील मुलांच्या तोंडी बसला. त्याच वर्षीच्या शब्दांची निवड करताना अमेरिकन डायलेक्ट सोसायटी या भाषाभ्यासकांच्या संस्थेने ‘सर्वांत कल्पक’ या वर्गात त्याला कौल दिला. त्याच काळात ‘साइनफेल्ड’ या अतिशय गाजलेल्या विनोदी मालिकेत न्यूमन नावाचा चिडका, कामचुकार पोस्टमन घरोघरी पोहोचला होता.

१९९७ मध्ये ‘पोस्टल’ नावाचा संगणकीय खेळ बाजारात आला. खेळणाऱ्याने रस्त्यात दिसेल त्याला गोळ्या घालत सुटायचे, असा त्याचा मासला. टपाल संस्थेने आपल्या व्यापारचिन्हाचा भंग झाल्याचा दावा लावला. तो काही वर्षे रेंगाळून २००३ मध्ये फेटाळला गेला. ‘पोस्टल’ हा शब्द तोवर कोणाच्या मालकीचा राहिलाच नव्हता. २००४ मध्ये ब्रिटिश विनोदी कादंबरीकार टेरी प्रॅचेट यांनी आपल्या एका कादंबरीला ‘गोइंग पोस्टल’ हेच नाव दिले. तिचा नायक मोडकळीस आलेले टपाल खाते सावरणारा ठग आहे. रक्तपाताच्या अर्थाशी खेळत खेळत त्यांनी शब्द पुन्हा टपालाकडे वळवला, हे मात्र गमतीचे.

या वाक्प्रचाराबरोबर आणखी एक विशेषण जोडीने चालले, ते म्हणजे ‘डिसग्रंटल्ड’, असंतुष्ट. ‘असंतुष्ट टपाल कर्मचारी’ ही जोडी बातम्यांत इतकी रुळली, की असंतुष्ट म्हटले की पुढे टपाल कर्मचारी येणारच, असे झाले. बँकेतला, कारखान्यातला, विम्यातला नोकर असंतुष्ट नसतो असे थोडेच आहे? पण भाषेला एक सोंगटी सापडली, की ती तीच तीच पुढे सरकवते.

आकडे काय सांगतात?

टपाल कर्मचाऱ्यांवर झालेला खरा अन्याय येथे आहे. ३५ बळी ही संख्या भयंकर आहे, पण ती दहा वर्षांची आहे आणि संस्थेत त्या काळी सात ते आठ लाख माणसे कामाला होती. ढोबळ हिशेब केला तरी वर्षाला लाखामागे अर्धाही बळी भरत नाही. अमेरिकेत कामाच्या ठिकाणी मारल्या जाणाऱ्यांचे सर्वसाधारण प्रमाण याहून जास्त होते.

हा हिशेब नीट मांडला तो एका आयोगाने. टपाल संस्थेचे तत्कालीन प्रमुख विल्यम हेंडरसन यांनी १९९८ मध्ये माजी केंद्रीय मंत्री जोसेफ कॅलिफानो यांच्या अध्यक्षतेखाली सुरक्षित कार्यस्थळ आयोग नेमला. हजारो टपाल कर्मचाऱ्यांची आणि तुलनेसाठी इतर नोकरदारांची पाहणी करून आयोगाने ऑगस्ट २००० मध्ये अहवाल दिला. १९९२ ते १९९८ या काळात कामावर असताना हत्या होण्याचे प्रमाण टपाल कर्मचाऱ्यांत वर्षाला लाखामागे ०.२६ होते आणि देशातील एकूण नोकरदारांत ०.७७. म्हणजे टपालातील धोका सरासरीच्या एक तृतीयांश. दुकानांत काम करणाऱ्यांचे प्रमाण २.१० होते आणि टॅक्सीचालकांचे तब्बल ३१.५४. सहकाऱ्यांवर हात टाकण्याच्या बाबतीतही टपाल कर्मचारी इतरांपेक्षा पुढे नव्हते. ‘गोइंग पोस्टल’ ही एक दंतकथा आहे, नाहक लागलेला बट्टा आहे, असाच आयोगाचा निष्कर्ष होता.

मग ही प्रतिमा तयार झाली कशी? आकड्यांच्या पोटात शिरले की उत्तर मिळते. टॅक्सीचालक किंवा रात्री उशिरापर्यंत दुकान उघडे ठेवणारा विक्रेता मारला जातो तो बहुधा लुटारूच्या हातून, एकटा, रोकड वाचवताना. अशा बातमीला शहरापुरती चार ओळींची जागा मिळते. टपाल कार्यालयात दरोडेखोर क्वचितच येतो. तेथे मारणारा आणि मरणारा दोघेही एकाच हजेरीपटावरचे असतात. एकूण हत्या थोड्या, पण त्यांत सहकाऱ्याने सहकाऱ्याला मारल्याचा वाटा मोठा, हे रोगनियंत्रण केंद्राच्या अहवालातही १९९४ मध्ये नोंदले गेले होते. शिवाय प्रत्येक गावात तोच झेंडा, तोच गणवेश, तेच नाव. दोन वेगळ्या कारखान्यांत गोळीबार झाला तर त्या दोन बातम्या होतात, दोन टपाल कार्यालयांत झाला की ती एकाच संस्थेची लागण ठरते.

आयोगाच्या पाहणीतील एक गोष्ट या सर्वांहून बोलकी आहे. आपल्याला सहकाऱ्यांकडून हिंसेचा धोका इतरांपेक्षा अधिक आहे, असे देशातील सर्वसाधारण नोकरदारांपैकी ३ टक्क्यांना वाटत होते. टपाल कर्मचाऱ्यांत मात्र १७ टक्क्यांना. प्रत्यक्ष धोका एक तृतीयांश, पण भीती जवळजवळ सहापट. शब्द केवळ बाहेरच्यांच्या तोंडी राहिला नव्हता, ज्यांना तो लावला गेला त्यांनीही तो मनावर घेतला होता. कॅलिफानो अहवालाने कर्मचाऱ्यांची मनःस्थिती आलबेल असल्याचे म्हटले नव्हते, हेही येथे नमूद केले पाहिजे. व्यवस्थापनाविषयी टपाल कर्मचाऱ्यांचे मत इतरांच्या तुलनेत बरेच कडवट होते. दंतकथा होती ती हिंसेची, असंतोषाची नव्हे.

अहवाल वृत्तपत्रांत आला, दोन दिवस चर्चा झाली आणि शब्द होता तसाच राहिला. ३० जानेवारी २००६ रोजी कॅलिफोर्नियातील गोलेटा येथे एका माजी महिला कर्मचाऱ्याने टपाल छाननी केंद्रात सहा जणांना ठार केले, त्याआधी आपल्या पूर्वीच्या शेजारणीचाही जीव घेतला आणि अखेर आत्महत्या केली. वीस वर्षांपूर्वीच्या एडमंडची उजळणी झाली आणि वाक्प्रचाराला पुन्हा मथळे मिळाले.

‘अमोक’ची जुनी वाट

समूहावर असा शिक्का मारण्याची इंग्रजीची ही पहिली वेळ नव्हे. ‘गोइंग पोस्टल’च्या कितीतरी आधी ‘रन अमोक’ हा शब्दप्रयोग तीच कामगिरी बजावत होता, आणि त्याची वाट थेट आपल्या किनाऱ्यावरून गेलेली आहे. मूळ शब्द मलय भाषेतला ‘अमुक’, म्हणजे त्वेषाने तुटून पडणे. मलबारात पोर्तुगीजांच्या चाकरीत राहिलेल्या दुआर्ते बार्बोसाने सोळाव्या शतकाच्या आरंभी जावा बेटावरील अशा माथेफिरूंचे वर्णन केले. पोर्तुगीजांनी त्याचे ‘अमौको’ केले आणि मलबारात राजासाठी प्राण पणाला लावणाऱ्या लढवय्यांनाही तेच नाव दिले. युल व बर्नेल यांच्या १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात या शब्दावर लांबलचक टिपण आहे, आणि गोव्याचे थोर कोशकार मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दाल्गादो यांनीही आपल्या पोर्तुगीज-आशियाई शब्दकोशात त्याचा मागोवा घेतला आहे.

वसाहतवादी लेखकांच्या हाती या शब्दाचे काय झाले, ते पाहण्यासारखे आहे. मलय माणूस मुळातच असा, बसल्या जागी पिसाळणारा, अशी समजूत दोन-तीन शतके लिहिली-वाचली गेली. १९९४ मध्ये अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनने मनोविकारांच्या आपल्या प्रसिद्ध सूचीच्या चौथ्या आवृत्तीत ‘अमोक’चा समावेश विशिष्ट संस्कृतींपुरत्या मर्यादित विकारांच्या यादीत केला. मनात अपमान साठवणे, एके दिवशी हत्यार घेऊन दिसेल त्याच्यावर चालून जाणे आणि अखेरीस स्वतः मरणे, हे त्याचे लक्षण. त्याच सुमारास, त्याच देशात, नेमक्या याच लक्षणांना सामान्य लोक ‘गोइंग पोस्टल’ म्हणू लागले होते. दूरच्या बेटावरचा माणूस असे वागला तर तो त्याच्या वंशाचा स्वभाव आणि ओक्लाहोमातला वागला तर तो त्याच्या खात्याचा. ‘बर्सर्क’ या तिसऱ्या शब्दाचे भाग्य त्या मानाने चांगले. तो जुन्या नॉर्स भाषेतल्या, लढाईत बेभान होणाऱ्या योद्ध्यांचा. अस्वलाचे कातडे पांघरणारा, असा त्याचा अर्थ बहुतेक अभ्यासक लावतात. वॉल्टर स्कॉटच्या १८२२ च्या ‘द पायरेट’ या कादंबरीद्वारे तो इंग्रजीत रुळला. पण ज्यांना झोंबावा असे बर्सर्क आता कोणी उरलेले नाहीत. पोस्टमन मात्र रोज दारात येतो.

अमेरिकेतील पत्रवाहकांना या वाक्प्रचाराबद्दल विचारले, तर तो त्यांच्यासमोर न उच्चारलेलाच बरा, हे ध्यानात येईल इतपत कडवट प्रतिक्रिया आजवर अनेकदा छापून आल्या आहेत. त्यामागचे कारण समजायला कठीण नाही. ‘पोस्टल होणारा’ म्हणून जो माणूस डोळ्यांपुढे येतो तो मारेकरी. एडमंडमध्ये टपाल कर्मचारी असलेला मारेकरी एक होता आणि टपाल कर्मचारी असलेले मृत चौदा. शब्द बनला तो एकाच्या नावाने.

सप्टेंबर-ऑक्टोबर २००१ मध्ये अमेरिकेत पत्रांतून अँथ्रॅक्सचे जंतू पाठवले गेले. त्या हल्ल्यात पाच जण दगावले, त्यांपैकी दोघे राजधानी वॉशिंग्टनमधील ब्रेंटवुड छाननी केंद्राचे कर्मचारी होते. सिनेटरांच्या कचेऱ्या तातडीने रिकाम्या करण्यात आल्या, ब्रेंटवुडमध्ये मात्र काम काही दिवस तसेच चालू राहिले. पुढे त्या केंद्राला जोसेफ कर्सीन आणि थॉमस मॉरिस या त्या दोघांचे नाव देण्यात आले.

एडमंडच्या टपाल कार्यालयासमोर २९ मे १९८९ रोजी स्मारक उभे राहिले. पिवळी फीत हाती धरलेले एक पुरुष आणि एक स्त्री यांचा पुतळा आणि त्याभोवती चौदा कारंजी, प्रत्येकासाठी एक.